पोर्ट्समथला सागवान

टूर मॅनेजरच्या आयुष्यात अख्खा इंग्लंड म्हणजे टॉयलेट, लंच आणि हेडकाउंट. त्यात कोचच्या ड्रायव्हरचे तास मोजणारं मशीन. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबायचंच, आणि रात्रीची विश्रांती पण पूर्ण द्यायची, म्हणजे दुपारी कुठे उशीर झाला की लंडनला वेंबलीतल्या जेवणाची बोंब. हे पॅसेंजरला कितीही सांगा, "अहो पाच मिनिटं" चालूच असतं.

तर पोर्ट्समथ, इंग्लंडच्या दक्षिणेचं नौदलाचं बंदर. आमच्या आयटिनररीत हिस्टॉरिक डॉकयार्डला दोन तास आणि शेजारच्या गनव्हार्फ कीज आउटलेटला अडीच. ही वाटणी करणारा माणूस तिथे कधी उभा राहिला असेल असं मला वाटत नाही. मेरी रोझ ह्या जुन्या युद्धनौकेचंच बघा, 1545 मध्ये बुडालेली, 1982 ला वर काढली आणि मग लाकूड सुकून तडकू नये म्हणून कित्येक वर्षं तिच्यावर फवारे मारत बसले, ते सगळं आम्ही वीस मिनिटांत उरकतो. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, चहा कुठे मिळेल?

मग व्हिक्टरी, ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनची युद्धनौका. सध्या मोठी दुरुस्ती चालू आहे, त्यामुळे परांची आणि आच्छादन. "झाकलेलंच दाखवायचं होतं तर पैसे कशाला घेतले" असं एका ताईंनी मला ऐकवलंच. आत जिने उभे, डेकची छतं बुटकी, म्हणून मी गुडघेवाल्यांना आधीच बाहेर बसवतो आणि बाकीच्यांना "डोकं सांभाळा" ओरडत फिरतो. नेल्सन 1805 ला जिथे गोळी लागून पडला तिथे पितळी पाटी आहे, तिथे फोटो, की चला.

ह्या ग्रुपात उरणचे एक काका होते. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डातून रिटायर झालेले सुतार, वय शहात्तर, अख्ख्या टूरमध्ये एक शब्द बोलले नव्हते. परांचीवरून जहाजाची बाहेरची बाजू जवळून बघता येते, तिथे ते थांबले. आधी वाकून बघितलं, मग नाक फळीजवळ नेलं, मग अंगठ्याच्या नखाने हळूच दाबलं. मी म्हटलं काका, हात नका लावू. ते म्हणाले, "हा सागवान आहे. आणि ही शेजारची फळी सागवानासारखी दिसते पण सागवान नाही, हिचा दाणा बघ, आडवातिडवा जातो."

मला वाटलं, झालं, आता वाद. व्हिक्टरी ओकची, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. तिथल्या माणसाला विचारलं तर तो खूशच झाला. म्हणाला, मधल्या काळातल्या दुरुस्त्यांत ओक लवकर कुजतो, किडे लागतात म्हणून सागवान आणि आफ्रिकेचं इरोको लाकूड लावलेलं. काका म्हणाले, "सांग त्याला, सागवानात तेल असतं, म्हणून खिळा गंजत नाही." मी सांगितलं. मग फटी कशा भरता, दोरा कसा ठोकता, डांबर कुठलं, दोघांचं सुरू झालं आणि मी मध्ये दुभाषा. मागे ग्रुप घड्याळ बघतोय.

मग काकांनी विचारलं, मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली कुठाय? ते जहाज वाडियांनी 1817 ला पाण्यात सोडलं, अगदी ह्याच बंदरात नाव बदलून ट्रेनिंगसाठी कित्येक वर्षं उभं होतं, पण 1987 ला दुरुस्तीसाठी उत्तर इंग्लंडातल्या हार्टलपूलला नेलं, अजून तिथेच. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे मी इथे उशिरा आलो."

मी बाकीच्यांना आउटलेटला सोडलं आणि काकांना तिथेच ठेवलं. नंतर त्यांना घ्यायला परत गेलो तेव्हा निघायला उशीर झाला, वेंबलीला जेवण गार. फीडबॅक फॉर्ममध्ये "एका पॅसेंजरसाठी पूर्ण ग्रुप वेठीला धरला" असं तिघांनी लिहिलं, आणि त्यांचंही चुकलं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, पैसे त्यांनीही तेवढेच भरलेत. पण आउटलेटमध्ये जे चालतं त्याला कोणी वेठ म्हणत नाही, हे मात्र खटकतं.

ऑफिसने पुढच्या सीझनला डॉकयार्ड "बाहेरून दर्शन" करून टाकलंय. काकांचा परवा फोन आला, हार्टलपूलला लंडनहून ट्रेनने किती वेळ लागतो विचारत होते. ग्रुप टूर तिकडे जात नाही म्हटल्यावर म्हणाले, "ग्रुप कुणाला पाहिजे?"