आजीव वर्गणीदार आणि ॲपचे भाडे

युलिसिस हे लेखनाचे ॲप बनवणाऱ्या लाइपझिगच्या छोट्या कंपनीने ऑगस्ट २०१७मध्ये एकरकमी विक्री बंद केली आणि महिन्याला ४.९९ किंवा वर्षाला ३९.९९ डॉलर अशी वर्गणी लावली. त्याआधी मॅकवरील आवृत्तीसाठी एकदाच ४४.९९ डॉलर मोजले की काम भागत असे, त्यामुळे जुने ग्राहक संतापले. तो संताप मला समजतो. तरीही या प्रकरणात माझा कौल कंपनीच्या बाजूने आहे.

मराठी नियतकालिकांची ‘आजीव वर्गणी’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली अडचण लगेच कळेल. वर्गणीदाराची रक्कम पहिल्याच काही अंकांत खर्च होते. कागद, छपाई आणि टपालाचा खर्च मात्र वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि अंक पाठवणे चुकत नाही. ॲपचेही तसेच आहे. दर वर्षी आयओएस या आयफोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती येते, तिच्याशी जुळवून घेण्यासाठी महिनोन्महिने खपावे लागते, आणि ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये तर जुन्या ग्राहकाकडून नव्या आवृत्तीचे सवलतीत पैसे घेण्याची सरळ सोयच नव्हती. म्हणजे कालच्या ग्राहकांची सेवा उद्याच्या ग्राहकांच्या पैशांवर चालत होती. त्यातच २०१६मध्ये ॲपलने सर्व प्रकारच्या ॲपना वर्गणीची मुभा दिली आणि वर्गणीदार वर्षभर टिकल्यास वर्गणीतला स्वतःचा वाटा ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणला. पाणी कोणत्या बाजूला वाहणार, हे तेव्हाच ठरले होते.

मात्र नोटॅबिलिटी या टिपणांच्या ॲपच्या कंपनीने नोव्हेंबर २०२१मध्ये जे केले, त्याचे समर्थन मला करता येत नाही. ज्यांनी ॲप आधीच विकत घेतले होते, त्यांनाही एका वर्षानंतर पूर्ण सुविधांसाठी वर्गणी भरावी लागेल, असे तिने जाहीर केले. ग्राहकाने ज्यासाठी पैसे मोजले ती मुख्य सुविधा वर्गणीकडे वळताना काढून घेऊ नये, असे ॲपलची नियमावलीच सांगते. ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. युलिसिसने जुन्या ग्राहकांना वर्गणीत कायमची सवलत देऊ केली होती. फरक नेमका इथे आहे.

मला सर्वांत पटलेला मार्ग अजेंडा या टिपणांच्या ॲपचा. एकदा पैसे भरल्यावर त्या दिवशीच्या सर्व सुविधा आणि पुढच्या बारा महिन्यांत येणाऱ्या सुविधा कायमच्या आपल्या. त्यापुढचे नवे हवे असेल तरच पुन्हा पैसे. निर्मात्याला दर वर्षी काहीतरी घेण्याजोगे करून दाखवावे लागते, आणि ज्याला आहे तेच पुरते त्याच्या खिशाला हात लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपल्याकडे अशा वर्गणीचे पैसे आपोआप कापले जाण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. ती आली की मी ‘गेल्या महिन्यात हे ॲप किती वेळा उघडले?’ एवढेच स्वतःला विचारतो. या दिवाळीत सहापैकी दोन वर्गण्या त्या प्रश्नावर बंद पडल्या.