‘शिकलो’ या एका शब्दाविषयी

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्र लिहिले तेव्हा तो कैदेत होता, आणि त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो की, ज्या अवस्थेत आहे तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे. हा उतारा मी शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापासून, ऐकत आलो. पण पौलालासुद्धा समाधान शिकावे लागले, ते त्याला उपजत मिळाले नव्हते, हे माझ्या ध्यानात यायला पन्नाशी उलटावी लागली.

रावेर तालुक्यात आमची दोन एकर केळी आहे. काही वर्षांपूर्वी भाव चढलेला पाहून मी आणखी सहा एकर खंडाने घेतले, कर्ज काढून ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे आणली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड, केली. त्या वर्षी माझ्या उशाशी पवित्र शास्त्राच्या जागी एक वही आली. एकरी सुमारे पंधराशे खोडे, घडाचे वजन इतके, क्विंटलचा भाव इतका, असे आकडे मी रोज रात्री नव्याने मांडत असे आणि प्रत्येक वेळी बेरीज थोडी वाढवत असे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला तो धनवान जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघतो, तेव्हा तो ना देवाशी बोलतो ना शेजाऱ्याशी. बोलतो तो केवळ स्वतःच्या जिवाशी. माझी वही म्हणजे तेच बोलणे होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, कापणी तोंडावर आलेली असताना, वादळ आले आणि अर्ध्या तासात बाग आडवी झाली. घडांच्या भाराने खोडे मधोमध मोडली होती. हिरव्या फण्या चिखलात रुतल्या होत्या, आणि त्या उचलून पाहताना हाताला व सदऱ्याला लागलेल्या चिकाचे काळपट डाग पुढे कितीही धुतले तरी गेले नाहीत. माझ्या लोभाची शिक्षा म्हणून देवाने हे वादळ पाठवले, असे मी म्हणणार नाही. माझ्याहून कितीतरी सालस माणसांच्या बागा त्याच वाऱ्याने झोपल्या, आणि नीतिमान व अनीतिमान दोघांवरही पाऊस पडतो हे प्रभू येशूनेच सांगून ठेवले आहे.

मजुरांची तीन आठवड्यांची मजुरी माझ्याकडे थकली होती. मालवाहू गाडीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम घरात होती, आणि ती मोडायला माझा हात धजत नव्हता. पत्नी एवढेच म्हणाली, “आधी त्यांचे देऊन टाका.” याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे लिहिले आहे, ते मला त्या रात्री ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पैसे चुकते केले. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा समोर घेऊन आम्ही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही प्रार्थना म्हटली, तेव्हा ताटातली भाकर आणि प्रार्थनेतली भाकर मला प्रथमच एक वाटली. कर्ज तसेच होते, बाग गेलेली होती, तरीही वर्षभर न लागलेली झोप त्या रात्री लागली.

मात्र समाधानाचा हा धडा मालकाने मजुराला वाचून दाखवू नये, असे मला कळकळीने वाटते. ज्याच्या हातात तराजू आहे त्याने तो आधी स्वतः शिकावा. व्यापाऱ्याशी भावासाठी आणि वजनासाठी मी आजही भांडतो, पीक विम्याचा अर्जही वेळेवर भरतो. श्रद्धेने मला हिशेब सोडायला सांगितलेले नाही.

खंडाची जमीन मी परत केली. पुढच्या वर्षी मंडळीतल्या कापणीच्या उपासनेत मी आमच्या दोन एकरांतला पहिला घड वेदीपुढे ठेवला, आणि माझ्या शेजारी एका वृद्ध विधवेने रुमालात बांधलेली किलोभर तूर ठेवली. उपासनेनंतर लिलाव झाला. ती तूर मी बोली लावून घेतली, आणि माझ्या घडातली एक फणी तिने घेऊन तिथल्या तिथे पोरांना वाटून टाकली.