डेस्कटॉपवरचा ल

मी मुद्रितशोधक आहे. गेली सहा वर्षे हे काम मी लालबागच्या घरी, खिडकीलगतच्या टेबलावर, एका जुन्या लॅपटॉपवर करते. दिवसाचे आठ-नऊ तास नजर त्या पडद्यावर असते आणि त्यातला बराचसा वेळ फाइलींची नावे, मेनू, खिडक्यांची शीर्षके यांवरून फिरत असते. तो पडदा आपल्या मनाजोगता करून घ्यावा असे वाटू लागले, तेव्हा मी पार्श्वचित्राला हात लावण्याआधी एका अक्षराकडे वळले. माझ्या मुख्य फोल्डराचे नाव ‘ललित लेख’ असे आहे. त्यात तीन ल आहेत आणि तिन्ही मला दंडाचे दिसत होते.

मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो. शिरोरेघेवरून खाली उतरणाऱ्या छोट्या देठाला डावी-उजवीकडे दोन गोलाया लगडलेल्या असतात. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो. श च्या बाबतीतही असाच फरक आहे. राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी मराठी वळणाचीच रूपे ठरवून दिली, आणि आमच्या पिढीने शाळेत तीच गिरवली आहेत. घराखाली उतरले की दुकानांच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या पाट्यांवर लोणची, लाल तिखट आणि लालबाग हे शब्द याच वळणात भेटतात. मग पडद्यावर तेच अक्षर परके का दिसावे?

कारण तांत्रिक आहे आणि समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणात ल ला एकच क्रमांक आहे. त्याचे रूप कोणते दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. ओपनटाइप या आजच्या प्रचलित स्वरूपातल्या चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवलेली असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला कळले तरच तो पाकळ्यांचा ल पुढे करतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. मी प्रणालीची भाषा इंग्रजीवरून मराठी (भारत) केली, मेनूंसाठी ही सोय असलेला देवनागरी फॉन्ट निवडला, एकदा लॉगआउट करून पुन्हा आत आले, आणि ‘ललित लेख’मधले तिन्ही ल बदललेले दिसले. मी ते फोल्डर उघडले नाही, नुसती त्याच्या नावाकडे पाहत राहिले. ज्या मेनूंचे भाषांतर कोणी केलेले नाही ते अजून इंग्रजीतच दिसतात, पण मला त्याचा त्रास होत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी फॉन्ट आला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे असंख्य मराठी लोकांनी पडद्यावरची मराठी त्याच फॉन्टमधून वाचली. तो पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन-विभागात शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवला. आज मुंबईच्याच एक टाइप या गटाचा मुक्ता हा फॉन्ट सात जाड्यांमध्ये विनामूल्य मिळतो. देवनागरी अक्षरांसाठी एवढे काम याच शहरात झाले आहे, म्हणून फॉन्ट निवडताना मुंबईच्या मराठी माणसाने सेटिंगमध्ये आधीपासून असेल त्यावर समाधान मानू नये, असे मला मनापासून वाटते.

फॉन्ट बदलल्यावर दुसरी अडचण पुढे आली. ‘मूर्तींच्या’ हा शब्द पाहा. शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर खाली दीर्घ ऊकार. बहुतेक थीम रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असल्यामुळे मेनूच्या ओळी उंचीला कमी पडतात, आणि मग अनुस्वार वरच्या कडेला चिकटतो किंवा ऊकाराचे शेपूट कापले जाते. मुद्रितशोधकाला कापलेला ऊकार म्हणजे चूकच वाटते; हात आपोआप दुरुस्तीला जातो. यावर उपाय सोपा निघाला. एक्सएफसीईचे मेनू आणि खिडक्या जीटीके या साधनसंचातून रेखाटल्या जातात. त्याच्या सेटिंग-फोल्डरात जीटीके.सीएसएस नावाची साधी मजकूर-फाइल ठेवता येते. तीत मेनूच्या प्रत्येक ओळीला वर-खाली सहा-सहा पिक्सेल जागा द्यावी असे मी लिहिले. त्याचबरोबर फॉन्टच्या सेटिंगमधील डीपीआय (इंचामागे ठिपके; हा आकडा वाढवला की अक्षरे मोठी होतात) नेहमीच्या ९६ वरून १०८ वर नेला. आता ‘मूर्तींच्या’ पूर्ण दिसतो आणि संध्याकाळी डोळेही कमी चुरचुरतात.

रंगांच्या बाबतीत मात्र मी एकदा चांगलीच फसले. रात्री काम करताना पांढरा पडदा नकोसा होतो म्हणून एक गडद थीम उतरवून घेतली होती. दिसायला ती देखणी होती, परंतु निवडलेल्या फाइलचे नाव तीत करड्यावर करडे उमटत असे. एका रात्री अकराच्या सुमारास मी तिसऱ्या वाचनाऐवजी दुसऱ्या वाचनाची फाइल छापखान्याला पाठवली. सकाळी पाने पुन्हा चाळताना ते लक्षात आले आणि प्लेट बनण्याआधी फोन करता आला, हे नशीब. एरवी एका लेखिकेचे तीन महिन्यांचे श्रम चुकांसकट छापले गेले असते. तेव्हापासून कोणतीही थीम घेतली की मी आधी एकच गोष्ट तपासते: फाइल निवडल्यावर तिचे नाव हातभर अंतरावरून वाचता येते का. गडद थीमही मी सोडून दिली. काळ्यावर पांढरी देवनागरी माझ्या डोळ्यांना फुटल्यासारखी दिसते आणि जोडाक्षरांतल्या बारीक फटी भरून जातात. त्याऐवजी फिकट, जुन्या कागदाच्या रंगाची पार्श्वभूमी आणि तिच्यावर गर्द तपकिरी अक्षरे ठेवली आहेत.

पॅनेल, म्हणजे मेनू आणि उघड्या खिडक्यांची नावे असलेली पट्टी, मी तळाहून डाव्या कडेला नेले, कारण १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर रुंदी मुबलक असते आणि उंची अपुरी, आणि मजकूर वाचणाऱ्याला उंचीच हवी असते. एक्सएफसीईमध्ये पॅनेलला डेस्कबार नावाची पद्धत आहे. तीत पॅनेल उभे असले तरी खिडक्यांची नावे आडवीच राहतात, मान तिरकी करावी लागत नाही.

पार्श्वचित्र म्हणून आधी शिवडीच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा, मीच काढलेला फोटो होता. त्या गुलाबी गर्दीत आयकॉनखालची नावे हरवत. आता जुलैतल्या मरीन ड्राइव्हचा फोटो आहे: वरचे दोन तृतीयांश नुसते ढग, खाली समुद्राची एक राखाडी पट्टी. आयकॉन ढगांवर ठेवले आहेत.

एवढे करूनही ब्राउझरमध्ये काही ठिकाणी दंडाचा ल येतोच. ज्या पानावर भाषा मराठी असल्याची खूण नसते तेथे ब्राउझरला ते कळण्याचा मार्ग नसतो. फायरफॉक्सच्या फॉन्ट-सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट निवडता येतो. तेथे मुळातच मराठी वळण असलेला फॉन्ट ठेवला की बरीच पाने सुधारतात. हे पान तयार करताना ती खूण मी घातली आहे. तरीही वर ‘ललित लेख’मध्ये तुम्हाला तीन दंड दिसत असतील, तर तुमच्या फोनमधल्या किंवा संगणकातल्या फॉन्टमध्ये पाकळ्यांचा ल ठेवलेलाच नाही, असे समजावे.