व्हॉल्व्ह बंद होता

लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लांटमध्ये मी मेंटेनन्स बघत होतो, तेव्हाची गोष्ट. तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरच्या आतल्या काचेचा टवका उडाला होता. दुरुस्तीसाठी माणूस आत उतरवायचा होता. बाकीचा प्लांट चालू, शेजारच्या रिअ‍ॅक्टरांत बॅच, त्यामुळे नायट्रोजनचा हेडर, म्हणजे सगळ्यांना वायू पुरवणारा मुख्य पाइप, भरलेला. शटडाऊनमध्ये सगळंच थंड असतं. चालू प्लांटमध्ये तुमच्या पान्याशेजारची लाइन जिवंत असते.

सकाळी साडेनऊला मीटरवर ऑक्सिजन 20.9 टक्के. आत उतरायच्या परमिटवर सह्या झाल्या. लाइनला ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी भरीव चकती, टाकायचा तर तास-दीड तास जाणार, म्हणून नायट्रोजनचा व्हॉल्व्ह नुसता बंद करून लाल टॅग अडकवला. प्रॉडक्शनला घाई होती आणि मी मान डोलावली. चूक माझी.

चहा घेऊन परत आलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. ठेकेदाराचा पोरगा हार्नेस चढवून मॅनहोलच्या काठावर बसलेला, एक पाय आत. “साहेब, उतरू?”

“थांब, परत एकदा बघू.”

मीटरची नळी तळापर्यंत सोडली. आकडा हळूहळू घसरत 17.8 वर आला आणि अलार्म वाजायला लागला. 19.5 च्या खाली माणूस उतरवत नाहीत. “पाय बाहेर घे रे आधी,” एवढंच मला बोलता आलं.

आपण श्वासात घेतो त्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, म्हणून शरीराला तो परका वाटत नाही. ठसका नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ऑक्सिजन फार उतरला की दोन श्वासांत शुद्ध जाते, आणि वाचवायला धावलेला दुसराही आतच पडतो.

तेव्हाच्या कारखाना कायद्याचं कलम 36 मी त्याआधीही वाचलं होतं. टाकीतला वायू काढा, एवढंच ते सांगत नव्हतं. तो पुन्हा आत येऊ नये याचीही व्यवस्था करा, असंही सांगत होतं. आम्ही पहिलं अर्धंच केलं होतं.

6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर 167 माणसं गेली. दुरुस्तीसाठी पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, त्याजागी नुसती झाकणी बसवलेली, आणि रात्रपाळीला त्याचा पत्ताच नव्हता. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला आणि झाकणीतून सुटलेल्या वायूचा स्फोट झाला. तेव्हापासून पाळी बदलताना मी परमिट टेबलावर ठेवून निघत नाही. येणाऱ्याला जागेवर नेतो, उघडा फ्लँज, म्हणजे पाइपचा सोडवलेला जोड, बोटाने दाखवतो.

त्या दिवशी काम थांबवलं आणि नायट्रोजन लाइनचा रिअ‍ॅक्टरजवळचा तुकडा काढायला घेतला. फिटरने शेवटचा बोल्ट सोडवला. व्हॉल्व्ह घट्ट बंद, टॅग जागच्या जागी. मी हातमोजा काढून पाइपच्या तोंडासमोर तळहात धरला. अगदी बारीक, गार झुळूक लागत होती. वास नाही, आवाज नाही. त्या पोरालाही बोलावलं. त्यानेही हात धरून बघितला.