थुंकी निगेटिव्ह आली, मग पुन्हा तपासण्या कशाला?

क्षयाचा संशय असताना थुंकी निगेटिव्ह आली, तरी पुन्हा तपासण्या कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. धुळ्यात छातीच्या विकारांचे रुग्ण तपासताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो: “डॉक्टरसाहेब, थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह आली, आता आणखी काय तपासायचे राहिले?” साक्री-शिरपूरकडून रोजंदारी बुडवून एसटीने आलेल्या माणसाने असे विचारणे रास्तच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात ते साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असतील, तर निळ्या पार्श्वभूमीवरची ती लाल, बारीक, किंचित वाकडी काडी अनुभवी तंत्रज्ञाच्या नजरेलाही पडेलच असे नाही. ज्याच्या फुप्फुसात पोकळी झाली आहे, त्याच्या बेडक्यात जंतू भरपूर असतात. पोकळी नसलेल्या रुग्णाच्या, पुष्कळ एचआयव्हीबाधितांच्या आणि लहान मुलांच्या बेडक्यात ते विरळ असतात. मुले तर बेडका गिळूनच टाकतात, म्हणून पहाटे उपाशीपोटी नळीने त्यांच्या जठरातला द्रव काढून तपासावा लागतो.

पुष्कळदा नमुनाच फसवा असतो. डबी उजेडात धरली की वर फेस, खाली पाण्यासारखी लाळ आणि तळाशी तंबाखूचे दोन कण दिसतात. अशा डबीचा निगेटिव्ह अहवाल मी अहवाल मानत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला, निदान दोन मिलिलिटर घट्ट बेडका हवा. तो येतच नसेल, तर नेब्युलायझरने मिठाच्या तीव्र द्रावणाची वाफ देऊन काढता येतो.

असा नमुना मग सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर जातो. मिलिलिटरमागे शे-दीडशे जंतू असले, तरी ही यंत्रे त्यांची जनुकीय खूण पकडू शकतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही सांगतात. मात्र पूर्वी क्षयाचे उपचार झालेल्या माणसात मेलेल्या जंतूंचे अवशेषही कधी पॉझिटिव्ह दाखवतात. एक्स-रेचेही तसेच, वरच्या भागातला डाग जुन्या, बऱ्या झालेल्या जखमेचा असू शकतो, म्हणून जुनी फिल्म घरी ट्रंकेत असेल तर ती आणायला मी आवर्जून सांगतो.

आणखी एक अडचण आपणच निर्माण केलेली आहे. खोकल्यावर लेव्होफ्लॉक्सासिन हे फ्लुरोक्विनोलोन गटातले प्रतिजैविक सर्रास दिले जाते. ते क्षयाच्या जंतूंवरही चालत असल्याने ताप काही दिवस उतरतो, रुग्णाला बरे वाटते आणि निदान लांबते. प्रतिजैविक देऊन पाहायचेच असेल, तर या गटातले नको.

सगळे निगेटिव्ह येऊनही वजन घटत असेल, संध्याकाळचा ताप जात नसेल आणि एक्स-रे क्षयाकडेच बोट दाखवत असेल, तर कर्करोगासारखी दुसरी कारणे तपासून, कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला, नमुना पाठवून, लक्षणांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. कल्चरमध्ये थोडे जंतूही वाढतात. पण द्रव माध्यमातही ते निगेटिव्ह ठरवायला सहा आठवडे लागतात. धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस तोवर टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो, म्हणून त्याच्या मोबाइलसोबत मुकादमाचाही नंबर आम्ही लिहून घेतो आणि निक्षय या सरकारी क्षयनोंदणीतल्या क्रमांकाचा कागद त्याच्या हाती देतो, म्हणजे तिकडच्या सरकारी केंद्रात त्याची नोंद सापडते आणि गोळ्या मिळतात.