दाद गिळून बसलेली माणसं

हेलसिंकीच्या म्युझिक सेंटरमध्ये परवा फ्रेंच संगीतकार देबुसीचं 'ला मेर' (म्हणजे समुद्र) ऐकलं, आणि तेही तोंडातून चकार शब्द न काढता. अजून घुसमटतंय, म्हणून ही पोस्ट.

आधी फिनिश संगीतकार काइया सारिआहोंचं 'सिएल दिव्हेर' (२०१३) झालं. बाई जन्मानं हेलसिंकीच्या. १९८२ मध्ये पॅरिसला गेल्या आणि २०२३ मध्ये तिथेच वारल्या. त्यामुळे ही फ्रेंच-फिनिश जोडी ओढूनताणून जमवलेली वाटली नाही. हिवाळ्यातलं आकाश असं नाव, आणि सूर एका वाद्यातून दुसऱ्यात कधी सरकतो ते कळतही नाही. देबुसीच्या घराण्याचाच गळा!

माझी जागा ऑर्केस्ट्राच्या मागे. या हॉलमध्ये मंचाच्या चारही बाजूंना खुर्च्या आहेत. 'ला मेर'मध्ये मोठी झांज वाजायच्या कितीतरी आधी वाजवणारा ती बोटांनी हलकेच गोंजारून जागी करत होता. हे सवाईत दिसलं असतं तर चार जणांनी मान डोलवून 'क्या बात है' म्हटलं असतं. इथे? शुकशुकाट. पहिला भाग ब्रासच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या, दणक्यात संपला, अंगावर काटा आला, आणि टाळी नाही! सगळे फक्त खोकले. मन लावून, एकसाथ खोकले.

मान्य, आपल्या नाट्यगृहांत मोबाइल वाजतात, आणि सवाईत मागच्या रांगेत तराण्यापेक्षा बटाटेवड्याची चर्चा रंगते. शिवाय हा हॉल असा बांधलाय की कुजबुजही पोचते. पण दाद म्हणजे गोंगाट नव्हे हो. समेवर 'वाह' आली की गाणारा पुढची जागा वेगळी घेतो, मैफल दोघांची होते. इथे ऐकणाऱ्यानं पैसे भरायचे आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

बरं, ही शिस्त काही त्यांची पूर्वापार नाही. १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टच्या सिंफनीत लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या, आणि त्यानं खूश होऊन वडिलांना तसं कळवलं. ती जागा त्यानं त्यासाठीच पेरली होती! म्हणजे माझं काही जगावेगळं नाही.

शेवटी मात्र टाळ्या थांबेनात. कंडक्टर आत जातोय, बाहेर येतोय, पुन्हा आत. तुंबलेली सगळी दाद एकगठ्ठा, आणि त्यात त्या झांजवाल्यासाठी नेमकी कुठली, ते त्याला कसं कळणार?

डिसेंबरात पुण्यात आहे. सवाईचं एक तिकीट माझ्यासाठी काढून ठेवा, भारतीय बैठकीचं.