आई, पाऊस असा पाठवता येत नाही

परवा आईचा फोन आला. नागपुरात पारा ४५ च्या घरात, कूलरचं पाणी दुपारीच संपते म्हणाली. "तुमच्याकडं तर रोजच पाऊस पडते, थोडा इकडं पाठव ना बाप्पा!"

मी ब्राझीलमध्ये मानाउसला राहते, चारी बाजूंनी ॲमेझॉनचं जंगल. बोलता बोलता फोन कटला, म्हणून तिला द्यायचं उत्तर इथे लिहिते.

आई, इथला पाऊस जंगलच घडवतं गं. अटलांटिकवरून आलेली वाफ पाऊस होऊन कोसळते, झाडं ते पाणी मुळांनी ओढून पानांवाटे परत हवेत सोडतात, आणि तेच पाणी आणखी पश्चिमेला पुन्हा पडतं. एनियास सलाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं. पुढे अँडीज पर्वत आडवा येतो, वाफ दक्षिणेला वळते आणि दूरच्या शेतांवर बरसते. वाफेच्या या प्रवाहांना इथे 'उडत्या नद्या' म्हणतात. ॲमेझॉन म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं, असं आपण ऐकत आलो. पण जंगल सोडतं तो प्राणवायू जवळजवळ सगळा तिथेच वापरला जातो. त्याचं मोठं देणं म्हणजे हा पाऊस, आणि खोडांत धरून ठेवलेला कार्बन.

मागच्या महिन्यात जंगलात गेले होते. सोबतच्या काकांनी पायाखालचा पाचोळा सरकवला. मला वाटलं, काळीभोर माती निघेल. निघाली पिवळट, भुरकट माती, आणि तिच्यावर केसांसारख्या बारीक मुळांचं जाळं, कुजत्या पानांना घट्ट चिकटलेलं. पान मातीत मिसळायच्या आत मुळं त्यातलं सत्त्व ओढून घेतात. सगळा कस झाडांतच! म्हणून जंगल तोडून केलेलं शेत थोड्याच वर्षांत थकतं. कपाशीच्या काळ्या रानात वाढलेली मी, कितीतरी वेळ ते जाळं बघत उकिडवी बसून राहिले.

२०२३ चा ऑक्टोबर मात्र आठवला तरी घसा दुखतो. जाळलेल्या रानाचा धूर शहरभर. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून आम्ही झोपायचो. रिओ नेग्रो नदीची पातळी १२.७० मीटरवर आली, १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी. तरंगती घरं चिखलात टेकली. २०२४ मध्ये ती त्याहूनही खाली गेली.

आपल्या नागपूरच्या नळाला पाणी पेंच नदीचं येतं, आणि पेंच येते रानातून. बाबा रविवारी गोरेवाड्याच्या जंगलात फिरायला जातात. त्यांना सांगितलंय, सागाखालचा पाचोळा जरा सरकवून फोटो पाठवा.